बंबाची मोटार

आमच्या घरी मोटार तीन पावसाळे होती. लढाईचे दिवस होते. कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. त्या गावात आधी कोणाकडे मोटार नव्हती आणि नंतरही पुष्कळ वर्षं नव्हती. लोक अजून म्हणतात, तुझ्या बापाने त्या काळात मोटार घेतली म्हणजे घरात पैसा किती असेल. पैसा फार नव्हता. मोटार आली तेव्हा घरातून काय काय गेलं ते मला माहीत आहे, तेवढं लिहिते.

वडील गवताचा व्यापार करत. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून घ्यायचं, वखारीत आणायचं, दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. थोडी भाताची जमीन होती. घरात वडील, आई, वडिलांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. माझ्यानंतर आईला तीन मुलं झाली. तिघांपैकी एकाचंही बारसं झालं नाही. पहिलं अडलं आणि मेलेलंच आलं. दुसरं सहा दिवसांनी गेलं. तिसऱ्या वेळी आईला दमणीतून कर्जतच्या दवाखान्यात न्यायला निघालो. दमणी म्हणजे घरच्या माणसांसाठी ठेवलेली छपराची बैलगाडी. ओढ्याला पाणी होतं. ते उतरायची वाट पाहत बसलो आणि मूल दमणीतच झालं, दमणीतच गेलं. मी तेव्हा सात वर्षांची असेन. बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते, एवढंच मला त्यातलं नीट आठवतं.

त्यानंतर आत्या उघड बोलायला लागली. भावाला दुसरी बायको करायची. तेव्हा दोन बायका करायला कोणाची बंदी नव्हती, आमच्याच आळीत दोन बायकांची दोन घरं होती. चौक गावची एक मुलगी तिने बघूनही ठेवली. वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. एवढ्यात आईला परत दिवस गेले. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती, आई सुपात पाखडत होती. आत्या मान वर न करता म्हणाली, "ही खेप बघू. नाय तर चौकची आणू."

आईने सूप पुरं पाखडलं, तांदूळ डब्यात भरले, मग आत गेली. तिला माहेर म्हणावं असं कोणी राहिलं नव्हतं. भाऊ होता, तो मुंबईत एका खोलीत सहा माणसांत राहत होता. या घरातून उठायचं तर तिला जायला जागा नव्हती. आणि सवत आल्यावर या घरात राहायचं म्हणजे काय, ते आळीतल्या दोन घरांत तिने रोज पाहिलं होतं.

वडिलांनी मोटार घेतली ती या खेपेसाठी. हे मी त्यांच्या बाजूने आधीच सांगते, पुढे जे लिहायचं आहे ते त्यांच्या बाजूचं नाही. मुंबईचा एक शेट माथेरानला हवा खायला यायचा. माथेरानला मोटार चढू देत नाहीत, म्हणून ती नेरळला एका आवारात उभी असायची. लढाई सुरू झाली, पेट्रोल कुपनावर गेलं, शेटाला ती नकोशी झाली. वडील त्याच्या घोड्यांना गवत पुरवत होते, त्या ओळखीत ती पडत्या भावात मिळाली. वर मेणकापडाचा टप, बाजूंना मेणकापडाचेच पडदे, ते कातडी पट्ट्यांनी बांधायचे. काचा फक्त समोर.

वडील आईला म्हणाले, "अर्ध्या तासात कर्जत. ओढ्यावर आता पूल हाय. मग कशाला भ्यायचं?"

आईचं म्हणणं होतं की मोटार घ्या, पण बैल ठेवा. तिने ते दोनदा सांगितलं. बैल भिजले तरी चालतात, तिसऱ्याच्या हाती दिले तरी चालतात, ही बिघडली तर कोणाला हाक मारायची? वडील म्हणाले, दोन्ही परवडत नाही. त्यांचा हिशोब असा होता. लष्कराच्या खेचरांना गवत लागत होतं आणि गवताचा भाव कधी नव्हे तेवढा चढला होता. घरचे दोन बैल पावसाळाभर नुसते उभे राहून खात. इतके दिवस ते पेंढा-गवत कोणी मोजलं नव्हतं. आता वडिलांना बैल चघळताना दिसले की ते गासडी डोळ्यासमोर आणत. बैल काम करो न करो, खातात. मोटार चालली तरच खाते, उभी असली तर काही मागत नाही. हे वाक्य त्यांनी गावात इतक्यांदा सांगितलं की लोक ते त्यांच्या मागे त्यांच्याच आवाजात म्हणत.

बैल घाटावरच्या एका माणसाने नेले. दमणीही त्यालाच दिली. लोक चेष्टा करायचे. वखारीवर एकजण वडिलांच्या तोंडावरच म्हणाला, "बरं केलंस. दुसरी करण्यापरीस मोटार सवंग पडली. ती भांडत तरी नाय." सगळे हसले, वडीलही हसले. घरी येऊन त्यांनी तो विनोद आईलाही सांगितला.

मोटार उभी असली तरी मागतेच, हे पहिल्या पावसाळ्यात कळलं. टपाला भोकं पडली, ती शिवून वर मेण लावायचं. टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा घालायचा, कारण नवं टायर मिळतच नव्हतं. चालवायला खोपोलीचा एक माणूस ठेवला होता, त्याला दोन वेळचं जेवण आणि पगार. लष्कराच्या लॉऱ्यांवर दुप्पट मिळतं म्हणून तो चौथ्या महिन्यात निघून गेला. मग वडील स्वतः शिकले. त्यांनी वखारीची भिंत एकदा पाडली आणि कोणाचं तरी कुंपण दोनदा. कुपनावरचं पेट्रोल तर कर्जतला चार फेऱ्या झाल्या की संपायचं. महिना संपेपर्यंत मोटार मांडवात उभी, आणि दूध आणायला, बाजाराला, गिरणीला आम्ही चालत. बैल होते तेव्हा एवढं चालावं लागत नव्हतं.

तेव्हा सगळीकडे मोटारी कोळशावर चालवायला लागले होते. शिळफाट्याला एक मिस्त्री होता, त्याने आमच्या मोटारीलाही ते बसवून दिलं. मागच्या सीटच्या पाठीला चिकटून एक उंच लोखंडी पिंप. न्हाणीघरात पाणी तापवायचा बंब असतो तसंच दिसायचं. त्यात कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा, अर्ध्या-पाऊण तासाने त्यातून जो धूर निघतो तो नळीने इंजिनात जातो आणि इंजिन त्यावर चालतं. सुरू करायला तेवढं वाटीभर पेट्रोल लागे, मग कोळसा. गावाने त्याच दिवशी नाव ठेवलं, बंबाची मोटार.

शिळफाट्याला वडील मला बरोबर घेऊन गेले होते, कारण कोळसा फोडायचं काम मला द्यायचं होतं. मिस्त्रीने मला खडा हातात देऊन दाखवला. सुपारीएवढा हवा, मोठा चालत नाही, भुगा चालत नाही, ओला तर मुळीच नाही. मग तो वडिलांना म्हणाला, "एक ध्यानात ठेवा शेट. गाडी उभी आणि इंजिन चालू असलं तर पडदे उघडे ठेवायचे, नाय तर खाली उतरायचं. या धुराला वास नाय. माणूस झोपल्यासारखा जातो."

वडील हो हो म्हणाले. ते पंख्याची मूठ फिरवून बघत होते. वास नसलेला धूर कसा असेल याचा मी विचार केला आणि मला मिस्त्री खोटं बोलतोय असं वाटलं.

माझी चौथी त्याच वर्षी झाली. पुढची शाळा कर्जतला. मोटार आहे, तिला रोज सोडू, असं वडील आधी म्हणाले होते. आता सकाळी कोळसा फोडायला माणूस हवा होता. मजुराला द्यायचं त्यापेक्षा पोर घरात आहे. मी शाळा बुडाली म्हणून रडले वगैरे काही नाही. पण रोज हात काळे व्हायचे, नखांतलं काळं जेवतानाही निघायचं नाही, आणि आत्या मला देवघरात येऊ द्यायची नाही. कोळसा डोंगरातले कातकरी भाजून आणत. सुरुवातीला स्वस्त होता. मग सगळ्या बसगाड्या, लॉऱ्या कोळशावर गेल्या आणि त्याचाही भाव गवतासारखा चढला. बैल तर विकून झाले होते.

श्रावण लागला तेव्हा आईचे दिवस भरले. एका दुपारी कळा सुरू झाल्या. वडिलांनी बंब पेटवला, मी पंखा फिरवला, आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. पाऊण तास गेला. आत्या म्हणत होती, दमणी असती तर एव्हाना अर्ध्या वाटेवर असतो. पण मोटार सुरू झाली आणि खरोखरच अर्ध्या तासात कर्जत आलं. बाळंतपणाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. दिवेलागणीला मुलगा झाला. जिवंत, रडणारा.

हे खरं आहे आणि ते लिहिलं पाहिजे. मोटारीने सांगितलेलं काम केलं. वडिलांनी वखारीवर साखर वाटली. ज्याने दुसरीपेक्षा मोटार सवंग म्हटलं होतं, त्याच्या हातावर मूठभर जास्तच ठेवली. मी आत्याबरोबर दवाखान्यात डबा घेऊन जायची. आई खाटेवर बसून असायची, मूल मांडीवर. ती मला म्हणाली, "बैल विकले ते बरंच केलं म्हणायचं." मी तिला त्या दहा दिवसांत जितकं बोलताना ऐकलं तितकं आधी ऐकलं नव्हतं. आत्याही तिच्याशी नीट बोलायची. चौकचं नाव निघालं नाही.

अकराव्या दिवशी घरी आणायचं ठरलं, बाराव्याला बारसं. पाऊस होता. सगळी तयारी आत्याने केली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आईच्या डोक्याला, कानाला घट्ट फडकं बांधलं. मागचे दोन्ही पडदे खाली सोडून पट्ट्या आवळल्या. टपाला जिथे फट होती तिथे गोणपाट कोंबलं. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे एक जुनं लुगडं बांधलं, म्हणजे समोरून येणारं वारंही अडेल. मागे आई, मूल आणि आत्या. पुढे वडील आणि मी, आमच्या बाजूचे पडदे उघडे. मागच्या सीटची पाठ बंबामुळे गरम झाली होती. आत्याने तिथे हात लावून पाहिला आणि तिला फार बरं वाटलं. घरी बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतातच. ती म्हणाली, "बघ, वाटेवर पण शेक. असं सुख राणीला नाय मिळायचं." आणि मूल तिने आईकडून घेऊन दोघींच्या मधे, पाठीला लागून, जिथे सगळ्यात ऊब होती तिथे निजवलं.

कर्जतच्या रेल्वे फाटकाशी अडकलो. घाट चढणाऱ्या मालगाड्यांना तिथे मागून ढकलायला इंजिनं लावत, त्याला वेळ लागायचा. त्या दिवशी लष्कराची गाडी होती. उघड्या डब्यांवर खाकी लॉऱ्या बांधलेल्या, एकामागून एक. वडिलांनी मोटारीचं इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं तर परत सुरू करायला पेट्रोल हवं, आणि त्या महिन्याचं पेट्रोल येताना जवळजवळ संपलं होतं. बाटलीच्या तळाशी बोटभर राहिलं होतं. ते खाली उतरून फाटकवाल्याशी बोलत बिडी ओढत उभे राहिले. मी लॉऱ्या मोजायला उतरले.

अर्धा तास झाला असेल. आतून आई म्हणाली की डोकं ठणकतंय. आत्या म्हणाली की उपाशी असशील, घरी गेल्यावर मेथीचं देते. मग थोड्या वेळाने आत्याच पडद्याच्या पट्ट्या सोडून खाली उतरली. तिला मळमळत होतं. रस्त्याच्या कडेला बसून ती ओकली. पित्त झालं म्हणाली. पडदा उघडा राहिला होता आणि पावसाचे शिंतोडे आत जात होते. आत्या बसल्या जागेवरून मला म्हणाली, "पडदा बांध गं, वारं जातंय."

मी गेले. आई पाठीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे. ती म्हणाली, "जरा राहू दे."

"बांध म्हटलं ना," आत्या म्हणाली.

मी चारही पट्ट्या बांधल्या. नीट बांधल्या, कारण कोळसा सोडून दुसरं काहीतरी काम मला सांगितलं होतं.

आत्या नंतर पुढेच बसली, मला मधे घेऊन. मागे बसलं की मळमळतं म्हणाली. लुगडं बाजूला करून तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, दोघं निजलीत, शेक लागला. फाटक उघडलं. घरापर्यंत मागून काही आवाज आला नाही आणि आम्हाला त्याचं बरंच वाटलं.

दारात शेजारणी जमल्या होत्या. एकीच्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाणी, ओवाळून टाकायला. पडदा उघडला तेव्हा आई एका बाजूला कलंडलेली होती, तिचं अर्धं अंग मुलाच्या दुपट्यावर. तिला दोघींनी धरून उतरवलं. पाऊस तोंडावर पडल्यावर ती ओकली आणि तिला थोडी शुद्ध आली. मूल तिसरीने उचललं. त्याचे गाल लाल होते, ओठ लाल होते. ती बाई कौतुकाने म्हणाली, "काय रंग घेतलाय पोराने." तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी टाकलं, उंबऱ्याच्या आत पाऊल घातलं आणि मग तिच्या ध्यानात आलं.

इथून पुढचं मी थोडक्यात सांगते. आई दोन दिवस नीट शुद्धीवर नव्हती. त्या दोन दिवसांत गावात ठरूनही गेलं की पोर आईच्या अंगाखाली आलं. झोपेत कलंडली आणि दाबलं. पडदा उघडताना चार बायकांनी ते तसंच पाहिलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. आत्याने ते आणखी पक्कं केलं. आधीची तीन, आणि आता हे, तेही चांगलं निरोगी आलेलं, हिनेच घालवलं. वडील ओसरीवर बसून असत आणि ऐकत असत. आई उठून कामाला लागली. भांडी घासायची आणि मधेच थांबायची, हातातलं काय करायचं ते विसरल्यासारखी. मला तिने एकदा विचारलं, मी खरंच त्याच्यावर पडले होते का. मी हो म्हटलं. पडली होती.

तेरा दिवस झाल्यावर आत्या चौकला जाऊन आली. मुलीच्या बापाला मोटार आहे हे ऐकून आनंद झाला होता.

त्याच सुमारास मोटार ओढेना म्हणून शिळफाट्याचा मिस्त्री आला. मांडवात मोटार, त्याच्या हाताशी पाना, वडील शेजारी, मी कोळशाच्या ढिगापाशी. त्याने मागचं सीट काढलं. बंबाच्या नळीचा सांधा सीटच्या पाठीमागे सुटला होता. काळा डाग सीटच्या कापडावर पसरला होता, परातीएवढा. तो खाली बसला. मग विचारलं, "शेट, या महिन्यात गाडी कुठे उभी राहिली होती का, इंजिन चालू ठेवून? पडदे उघडे होते ना?"

वडील म्हणाले, "उघडेच होते."

"बांधले होते," मी म्हटलं. "मीच बांधले."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मारतील असं वाटलं, मारलं नाही. मिस्त्रीने पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि कोण होतं आत असं विचारलं. मी सांगितलं. आई पाणी घेऊन आली होती, ती मांडवाच्या मेढीपाशी उभी होती. मिस्त्री तिला बघून परत हात पुसायला लागला. तीच म्हणाली, "बोला."

तो तिच्याशी न बोलता वडिलांशी बोलला. "मी सांगितलं होतं तुमाला. पोरगी पण होती बरोबर."

आईने वडिलांना विचारलं, "तुमाला म्हाईत होतं?"

"ध्यानात राहिलं नाय," वडील म्हणाले.

ते खरं असेल. मी पुष्कळ वर्षं त्यावर विचार केला आणि मला वाटतं फाटकापाशी ते खरंच ध्यानात राहिलं नव्हतं. पण घरी दारात पडदा उघडला तेव्हा आलं असणार. नंतरचे तेरा दिवस ओसरीवर बसून होते तेव्हाही होतं.

मिस्त्री पैसे न घेता गेला. आईने मोटारीचं सीट परत आत ठेवायला वडिलांना हात दिला, मग घरात गेली. आत्या चुलीपाशी होती. मी दारात होते. आई उभी राहून म्हणाली, "वन्सं, शेक लागतोय म्हणून निजवलं कोणी? वारं जातंय म्हणून पडदा बांधायला लावला कोणी? आणि यांना म्हाईत होतं. आता चौकचं नाव काढलंत तर मी हे आळीत सांगेन, मग वखारीवर जाऊन सांगेन, मग कर्जतला सांगेन."

आत्या म्हणाली, "आणि नाय काढलं तर?"

"तर माझ्या अंगाखाली आलं. लोक म्हणतात तेच."

आत्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिने चौकला निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही.

तसंच झालं मग. वडिलांनी मोटार आणखी दोन पावसाळे ठेवली. विकली असती तर लोकांनी का विकली विचारलं असतं. ते तिच्यात एकटे बसून वखारीवर जायचे, कोळसा मीच फोडायची. सांधा मिस्त्रीने नीट केला होता, तरी वडील भर पावसातही सगळे पडदे उघडे ठेवून भिजत जायचे. आई तिच्यात परत कधी बसली नाही. कर्जतला जायचं असलं की चालत जायची, पाऊस असला तर घोंगडी डोक्यावर घेऊन. वडील मागून मोटार घेऊन आले तरी ती रस्त्याच्या कडेला थांबायची आणि त्यांना पुढे जाऊ द्यायची. लोकांना वाटायचं, मुलाची आठवण येते म्हणून बसत नाही. लढाई संपल्यावर मोटार एका भंगारवाल्याने नेली, बंबासकट. वडिलांनी परत बैल घेतले. तोवर बैलांचे भावही चढले होते. पहिल्यासारखी जोडी मिळाली नाही, एक लंगडाच होता.

आईला नंतर मूल झालं नाही. दुसरी बाईही आली नाही. ती त्या घरात म्हातारी होऊन मेली, आत्यानंतर सोळा वर्षांनी. घर तिचंच राहिलं. पण आळीत कोणी बाळंत झाली की म्हाताऱ्या बाया त्या मुलीला शिकवायच्या, मूल जवळ घेऊन झोपू नको गं, अमकीने बघ घेतलं आणि काय झालं. मी माहेरी असले की माझ्यादेखत म्हणायच्या. आईच्याही देखत. ती तिथेच सुपारी कातरत बसलेली असायची. एकदा मी बोलायला तोंड उघडलं तर तिने अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

'जरा राहू दे' असं ती म्हणाली होती, ते तिने आयुष्यात परत काढलं नाही. मीही नाही. आता त्यांतलं कोणी उरलं नाही, मुलीला शिकवणाऱ्या त्या बायाही गेल्या. म्हणून लिहिते की पोर तिच्या अंगाखाली आलं नव्हतं.